तारेत ओवलेली पत्रे

आमच्या गावच्या घराच्या माजघरात, देवघराच्या उजव्या अंगाला, खुंटीवर एक लोखंडी तार टांगलेली असे. तारेचे खालचे टोक लाकडाच्या चकतीत घट्ट बसवलेले आणि वरचे टोक आकड्यासारखे वाकवलेले. पत्र आले, सर्वांना वाचून दाखवून झाले, की ते चकतीवर हात दाबून तारेत ओवायचे, अशी त्या घराची रीत होती. कोकणातल्या आणि देशावरच्या कितीतरी घरांत अशी तार असे, आणि माझ्या पिढीतल्या अनेकांनी ती विजेची नाहीतर किराणा दुकानाची बिले अडकवलेल्या रूपात तरी पाहिलेली असेल. आमची तार घर उतरवताना वडिलांनी जशीच्या तशी उचलून दादरला आणली. तिच्यात १९०६ ते १९२७ या काळातली ७२ कार्डे, ९ पाकिटे आणि मनिऑर्डरीची काही कुपने आहेत. सगळी पणजोबांनी मुंबईहून लिहिलेली आहेत. गावाहून त्यांना गेलेली उत्तरे मात्र गिरगावातल्या खोल्या बदलता बदलता गेली, त्यामुळे आमच्याजवळ आहे तो या संवादाचा अर्धाच भाग, एका अपवादाखेरीज. त्या अपवादाविषयी पुढे सांगते.

प्रत्येक कार्डाच्या मध्यावर तारेचे भोक आहे आणि भोकाभोवती गंजाचे तांबूस वर्तुळ. त्या भोकात एखाददुसरे अक्षर गेलेलेच असते. शिवाय सुरुवातीची सर्व पत्रे मोडीत आहेत, म्हणून पन्नाशी ओलांडल्यावर मी काळा घोड्याजवळच्या पुराभिलेखागाराच्या मोडी वर्गाला जाऊ लागले. आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता तिला अक्षरे लटकवत जायची, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, विरामचिन्ह घालायचे नाही, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद करायचा नाही, अशी ही लिपी आहे. पणजोबा मूळजी जेठा मार्केटमध्ये एका कापडाच्या पेढीवर कारकून होते आणि दिवसभर वहीखाते लिहिणाऱ्या माणसाचा हात जसा धावतो तसा त्यांचा हात कार्डावर धावलेला आहे. पहिले कार्ड संपूर्ण लावायला मला तीन आठवडे लागले. त्यात होते इतकेच, की आपण खुशाल आहोत, सुपाऱ्या पोचल्या आणि पुढील महिन्यात रुपये ५ पाठवू.

हिंदुस्थानात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. रुपयाचे ६४ पैसे असत, म्हणजे एका रुपयात ६४ पत्रे. पाकिटाला अर्धा आणा पडे. मुंबईत गिरणीत, गोदीत, पेढीवर काम करणारा आणि कुटुंब गावी ठेवून खाणावळीत जेवणारा जो हजारो माणसांचा समाज त्या काळात उभा राहिला, तो या एका पैशाच्या कार्डाने आणि पोस्टाने १८८० पासून सुरू केलेल्या मनिऑर्डरीने गावाशी बांधलेला होता. या दोन सोयी नसत्या तर माणसे मुंबईला आली असती, पण घर गावात राहिले नसते, असे मला ही पत्रे वाचून वाटू लागले आहे.

कार्ड उघडे असते, ही त्याची पहिली अट. गावातले पोस्ट शाळेच्या पडवीत होते आणि शाळामास्तर हेच पोस्टमास्तर होते. ते कार्ड वाचत, आणि वाचत यात कोणाला वावगेही वाटत नसे, कारण पुष्कळ घरांत पत्र वाचून दाखवण्याचे कामही त्यांचेच असे. मग ते कार्ड थोरल्या पणजोबांच्या, म्हणजे पणजोबांच्या वडील भावाच्या हाती पडे आणि ते माजघरात सर्वांना वाचून दाखवीत. इतक्या कानांवरून जाणाऱ्या पत्रात माणूस मनातले काय लिहिणार? याचमुळे जुन्या पत्रांविषयी बोलताना आपण नेहमी म्हणतो, की त्यांत सगळा मायनाच असतो, मजकूर काही नसतो. मीही तसेच समजत होते. आता ते मत मी पार सोडून दिले आहे. आमच्या तारेतल्या पत्रांत सर्वांत मोठ्या बातम्या मायन्यातच आहेत.

मायन्याचे नियम काटेकोर होते. आईवडिलांना ‘तीर्थरूप’, इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, परक्या प्रतिष्ठिताला ‘राजमान्य राजश्री’, धाकट्यांना ‘चिरंजीव’. सवाष्णीला ‘सौ.’, विधवेला ‘गं. भा.’, म्हणजे गंगाभागीरथी. त्यापुढे ‘कृ. सा. न. वि. वि.’, म्हणजे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. मग ‘इकडील सर्व क्षेम असे, तिकडील क्षेम कळवीत जावे’. शेवटी ‘कळावे, लोभ असावा हे विनंती’. वर ‘श्री’ आणि डाव्या-उजव्या बाजूला मुक्काम व मिती. पणजोबांची सुरुवातीची सर्व कार्डे ‘ती. स्व. दादांचे सेवेशी’ आहेत. कार्डाच्या शेवटी ओळीने निरोप येतात: ‘सौ. वहिनींस साष्टांग नमस्कार. चि. मुलांस आशीर्वाद. मंडळींस सांगावे.’

‘मंडळींस सांगावे’ याचा अर्थ मला वडिलांनी सांगितला. आपल्या भाषेत ‘कुटुंब’ आणि ‘मंडळी’ हे दोन्ही शब्द बायकोसाठी वापरले जात. ‘आमची मंडळी माहेरी गेली आहेत’ असे एकटी बायको माहेरी गेलेला माणूस सांगे. तेव्हा ‘मंडळींस सांगावे’ हे माझ्या पणजीला उद्देशून आहे. काय सांगावे, ते लिहिलेले नाही. वडील भावाच्या नावे लिहिलेल्या पत्रात बायकोचे नाव घालणे अमर्याद झाले असते आणि तिला वेगळे पत्र घालणे त्याहून. म्हणून बारा वर्षांच्या पत्रव्यवहारात तिच्या वाट्याला हे दोन शब्द आले. पण ते दोन शब्द एकाही कार्डावर चुकलेले नाहीत. जागा संपत आली असेल तर समासात उभे लिहिलेले आहेत, एकदा तर तिकिटाच्या छापाला खेटून.

टपालाची चाल ऋतूंवर होती. ऑक्टोबर ते मे या उघाडीच्या दिवसांत मुंबईहून निघालेल्या आगबोटी हर्णै, दाभोळ, जयगड करीत रत्नागिरीकडे आणि पुढे वेंगुर्ल्यापर्यंत जात, बंदराबाहेर थांबत आणि माणसे, सामान, टपालाच्या थैल्या पडावांतून किनाऱ्याला लागत. कार्डांवर दोन ठसे आहेत, एक टाकल्याचा आणि एक पोचल्याचा, आणि ते जुळवले की उघाडीत कार्ड तिसऱ्या-चौथ्या दिवशी गावात आल्याचे दिसते. जूनच्या आरंभी समुद्र खवळला की आगबोटी बंद पडत, त्या पार पावसाळा सरेपर्यंत. तोवर टपाल जमिनीच्या वाटेने, पूर आलेल्या नद्या आणि खाड्यांवरच्या तरी ओलांडत येई. शेवटचा टप्पा घुंगुरकाठी घेतलेल्या टपालवाल्याच्या पायांचा. पावसाळ्यातली कार्डे आठव्या-दहाव्या दिवशी पोचलेली आहेत आणि त्यांतली दोन इतकी भिजली आहेत, की शाईचा नुसता निळसर डाग उरला आहे. ती दोनही तारेत ओवलेली आहेत. वाचता न येणारे कार्डही कोणी टाकून दिले नाही.

मुंबईतली त्या काळातली मोठी गोष्ट म्हणजे फोर्टातले जनरल पोस्ट ऑफिस. जॉन बेग यांनी विजापूरच्या गोलघुमटाचा आदर्श समोर ठेवून आखलेली ही इमारत १९१३ मध्ये पुरी झाली. पणजोबांनी ती पायापासून कळसापर्यंत उभी राहताना पाहिली असणार, तरी पत्रांत तिचा एका अक्षराने उल्लेख नाही. त्यांना मुंबईचे वर्णन करायचे नव्हते. तांदूळ काय भावाने मिळतो, गाठीच्या तापाने या वर्षी चाळीत किती खोल्यांना कुलूप लागले आणि आंब्याची पेटी कोणाबरोबर पाठवावी, एवढेच त्यांना लिहायचे होते. १८९६ साली मांडवीत सुरू झालेला प्लेग पुढची कित्येक वर्षे हिवाळा लागला की परत येत असे, आणि दर माघ-फाल्गुनात एखाद्या कार्डावर ‘इकडील हवा ठीक नाही, मुलांस इकडे आणण्याचे तूर्त मनात नाही’ हे वाक्य येते. त्याच कार्डावर वर ‘इकडील सर्व क्षेम असे’ हेही असते. आधी मला यात विसंगती वाटे. आता वाटते, की पत्र उघडणाऱ्याच्या काळजात पहिल्या क्षणी धस्स होऊ नये एवढ्यासाठी ते वाक्य आधी असे.

१९१६ च्या तीन कार्डांत एकच प्रश्न आहे: वाडीतल्या एका मुलाचे ‘बसऱ्याकडील पत्र आले काय’. मराठ्यांच्या पलटणी तेव्हा इराकात, त्या वेळच्या मेसोपोटेमियात होत्या आणि पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ अखेर कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडली होती. वेढ्यातून टपाल निघत नव्हते. चौथ्या कार्डात तो प्रश्न नाही, उत्तराचा उल्लेखही नाही, आणि यापुढे त्या मुलाचे नाव तारेत कुठेच येत नाही.

सगळ्यात अवघड जागा १९१८ ची. शके १८४० च्या श्रावणातले कार्ड नेहमीचे आहे: ‘ती. स्व. दादांचे सेवेशी’, खाली ‘सौ. वहिनींस’. आश्विन वद्यातले कार्ड घाईचे आहे. इन्फ्लुएन्झाची साथ त्या वर्षी जूनमध्ये मुंबई बंदरात उतरली होती आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातली तिची दुसरी लाट फार प्राणघातक ठरली. आपल्याकडे लोक तिला मानमोडी म्हणत. पणजोबा लिहितात: ‘मानमोडीचा ताप इकडे फार आहे. तिकडे जपून असावे. पत्राचे उत्तर उलट टपाली यावे.’ त्यानंतर थेट मार्गशीर्षातले कार्ड, आणि त्याचा मायना असा: ‘चि. ... यास अनेक आशीर्वाद.’ खाली, निरोपांच्या ओळीत, ‘गं. भा. वहिनींस साष्टांग नमस्कार’.

मधले कार्ड तारेत नाही आणि ते असणारही नाही. अशुभाच्या पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ नसे, ते ओटीच्या आत येत नसे, बाहेरच वाचून तिथेच फाडून टाकीत आणि मग स्नान करीत. मुंबईला गेलेले पत्र पणजोबांनी असेच चाळीच्या जिन्यात फाडले असेल. आमच्या घरातल्या सर्वांत मोठ्या मृत्यूचा एकही कागद नाही. ‘सौ.’च्या जागी ‘गं. भा.’ आले, ही दोन अक्षरे म्हणजेच तो कागद. मी हे मोडी वर्गातून परतताना लोकलमध्ये, फोनवर काढलेल्या फोटोत वाचले आणि दादर कधी गेले ते मला कळले नाही.

ज्या मुलाला मार्गशीर्षातले कार्ड लिहिलेले आहे, ते माझे मोठे आजोबा, मृत भावाचा मुलगा, तेव्हा ११ वर्षांचे. घरात दुसरा पुरुष नव्हता म्हणून पत्र त्यांच्या नावाने आले. आणि इथे एक असा बदल झाला, जो मला या सगळ्या तारेत मोलाचा वाटतो: पणजोबांनी मोडी सोडली. ११ वर्षांच्या मुलाला पेढीवरची घसटती मोडी वाचता येणार नाही, हे जाणून त्यांनी हे कार्ड बालबोधात, म्हणजे देवनागरीत लिहिले, सुटे, मोठे, प्रत्येक शब्दामागे जागा सोडून, शाळेतल्या कित्त्यासारखे. मजकूर पूर्वीच्या निम्म्याने बसला. पुढची नऊ वर्षे ते बालबोधातच लिहीत राहिले, मुलगा मोठा झाला तरी.

बालबोध पणजीला येत होती. ती शाळेत गेली नव्हती, पण चातुर्मासात पोथी वाचली जाई आणि छापील पोथ्या बालबोधात असत. सासूच्या मांडीशी बसून अक्षरांवरून बोट फिरवता फिरवता ती वाचायला शिकली, असे वडील सांगत. म्हणजे १९१८ च्या मार्गशीर्षापासून, त्या घरात पहिल्यांदाच, नवऱ्याचे पत्र तिला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येऊ लागले. हे पणजोबांच्या लक्षात कधी आले असेल? पत्रांवरून असे दिसते, की फार उशिरा नाही. १९१९ पासून ‘मंडळींस सांगावे’ याच्या जागी ‘मंडळींनी काळजी करू नये’ येते, ‘मंडळींनी औषध वेळेवर घ्यावे’ येते. कोणाला तरी सांगायला लावलेला निरोप जाऊन सरळ तिलाच केलेले बोलणे आले. क्रियापद बदलले, एवढेच, पण वाचताना ते लगेच जाणवते.

पैसे मात्र तिच्या नावे येत नव्हते. मनिऑर्डर थोरल्या वहिनींच्या नावे निघे, कारण घरातले मोठे माणूस आता त्या होत्या. कुपनाच्या बोटभर जागेत ‘रुपये ७ पाठविले, शाळेची फी द्यावी, उरलेले भातास’ असे लिहिलेले असते. वहिनी अंगठा उठवीत, मास्तर साक्ष घालीत आणि अंगठ्याची ती पोचपावती मुंबईला परत जाई. अशा कितीतरी पावत्या पणजोबांच्या खोलीत असल्या पाहिजेत. आज त्यांतली एक जरी असती तरी मी ती जपून ठेवली असती.

१९२२ साली कार्डाचा दर पाव आण्याचा अर्धा आणा झाला. एक पैशाचे दोन पैसे, त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच, आणि एकदम दुप्पट. आमच्या तारेत याचा परिणाम उघड दिसतो. त्याआधी कार्डे वरचेवर येत असत, त्यानंतर ती विरळ होतात. अक्षर बारीक होते. पत्त्याच्या बाजूलाही मजकूर जातो आणि कडेकडेने उभ्या-आडव्या ओळी चढतात. ज्यांना महिन्याला सात रुपये पाठवायचे आहेत, त्यांना एक पैसाही मोजावा लागतो.

आता तो अपवाद. पोस्टात जोडकार्ड मिळत असे. एकमेकांना जोडलेली दोन कार्डे: एकावर आपण लिहायचे, दुसऱ्यावर आधीच आपला पत्ता घालून ठेवायचा, म्हणजे उत्तर देणाऱ्याला तिकिटाचा खर्च पडत नाही. १९२२ च्या चैत्रात पणजोबांनी असे एक जोडकार्ड पाठवले. आपल्या बाजूला त्यांनी नेहमीचाच मजकूर लिहिला आहे, चि. पुतण्याच्या नावे, आणि शेवटी एक ओळ: ‘सोबतचे कार्डावर मंडळींनी स्वहस्ते खुशाली लिहावी.’ जोडलेल्या कार्डावर त्यांनी बालबोधात स्वतःचा गिरगावचा पत्ता, चाळ, मजला आणि खोलीचा नंबर सुवाच्य लिहून ठेवला आहे.

हे दुसरे कार्ड पहिल्यापासून सुटे केलेले नाही. त्यावर ठसा नाही. ते पोस्टात पडलेच नाही. छापील तिकीट पाव आण्याचे होते आणि नवा दर लागू झाल्यावर त्याला आणखी एक पैशाचे तिकीट लावावे लागणार होते. तसे न लावता टाकले तर ते नॉटपेड होऊन पणजोबांना दामदुप्पट भरावी लागली असती. शाळामास्तरांनी हे सांगितले असावे, आणि थोरल्या जावेकडे एक पैसा मागायचा तो कशासाठी हे सांगावे लागले असते, असा माझा तर्क आहे. वडिलांचे म्हणणे वेगळे होते. ते म्हणत, लिहून झाल्यावर ते मास्तरांच्या हातात द्यायचा तिला धीर झाला नसेल, कारण मास्तरांनी ते वाचले असते. दोन्ही खरे असू शकेल. पणजोबांच्या पुढच्या कार्डात, ज्येष्ठाच्या आरंभी, इतकेच आहे: ‘जोडकार्डाचे उत्तर पावले नाही. हरकत नाही.’

लिहिलेले मात्र आहे. शिसपेन्सिलीने, पाटीवर लिहिल्यासारखे दाबून, की मागच्या बाजूने बोट फिरवले तर अक्षरे हाताला लागतात. वर मधोमध ‘श्री’. मायना नाही. मायन्यासाठी दोन ओळींची जागा कोरी सोडलेली आहे. सासऱ्याला काय लिहावे, भावाला काय लिहावे हे तिने आयुष्यभर ऐकले होते. नवऱ्याला काय लिहितात हे तिच्या कानांवरून कधी गेलेच नव्हते, आणि त्याचे नाव तर ती घेणार नव्हती. मग ‘कृ. सा. न.’ही नाही, ‘इकडील क्षेम’ही नाही. एकदम मजकूर:

‘बाळ उंबऱ्यापर्यंत चालतो. कलमाला यंदा थोडे आहेत ते पेटीत घातले नाहीत ठेवले आहेत. आगबोट बंद होण्याआधी’

त्यापुढे तारेचे भोक आहे आणि गंजाचे वर्तुळ, आणि त्या वर्तुळाच्या कडेला फक्त एका वेलांटीचा वरचा भाग दिसतो.